वस्तूची पाठ पाहणारे शेजारी

आमचे नागपूरचे शेजारी इथे कॅनडातल्या लंडन, ऑन्टारियोला अमेरिकेचा इतिहास शिकवतात, तोही टोस्टर, जेवणाचे डबे आणि जुन्या जाहिरातींतून. दर सोमवारी ते एक वस्तू टेबलावर ठेवतात आणि ती कोणाची असेल, हे मुलांनी ओळखायचं. स्वतः ते प्रत्येक वस्तू आधी उलटी करून पाहतात. आमच्याकडे चहा संपला की कपसुद्धा. "तोंड कोणीही दाखवते, भाऊ. पाठ पाहा," म्हणतात.

या वस्तू ते सीमेपलीकडे अमेरिकेतल्या यार्ड सेलमधून, लोकांच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, आणतात. गेल्या शनिवारी मीही सोबत गेलो. सीमेवरच्या पुलावर गाड्यांची रांग लागली, तसे ते, अमेरिकेचे अधिकारी फोन तपासतील म्हणून, फोनमधलं एकेक डिलीट करू लागले. लेक्चरच्या नोट्स, व्यंगचित्रं, विद्यार्थ्यांचे मेसेज.

"त्यात काही गैर आहे का?" मी विचारलं.

"नाही ना बाप्पा! म्हणून तर काय काढावं ते समजत नाही."

शेवटी त्यांनी स्वतःच्या आईचे फोटोही डिलीट केले.

अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले आणि हसून जाऊ दिलं. फोनकडे पाहिलंही नाही. पण त्या दिवशी सेलमध्ये शेजाऱ्यांनी एकही वस्तू उलटी करून पाहिली नाही. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

सोमवारी माझी मुलगी त्यांच्या वर्गातून घरी आली.

"आज काय होतं टेबलावर?"

"जस्ट अ फोन, बाबा. टोटली एम्टी. वुई ट्राइड फॉर अ होल अवर." तिने बूट काढले. "नोबडी कुड टेल हूज इट वॉज."