उत्तराची वाट पाहणारे मधुकरराव

मधुकरराव निगवेकरांना मी प्रथम पाहिलं ते परदेशीपुऱ्यातल्या आमच्या इस्पितळाच्या गच्चीवर, भर दुपारी, गुडघे टेकून जमिनीला कान लावलेले. ऊन लागून पडले असावेत असं समजून मी पाणी घेऊन धावले. "ताई, बस दो मिनिट. ऐकतोय," ते म्हणाले.

त्यांची मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. तिथे ते फिटर होते. आता मिलमधलेच चार सोबती घेऊन त्यांनी गच्च्यांची गळती थांबवण्याचं काम धरलं होतं. मी बाळंतिणींच्या वॉर्डची सिस्टर.

आमची सपाट गच्ची दर पावसाळ्यात गळायची. आधीच्या ठेकेदाराने वर डांबर उकळवलं, तेव्हा अर्धा वॉर्ड धुराने खोकत बसला होता. मधुकररावांनी सांवेर रोडच्या एका कारखान्यातून डब्यातला नवा द्रव आणला. आच नाही, धूर नाही. ब्रशने थर द्यायचा, वर जाळीचं कापड, पुन्हा थर. इस्पितळाचं हे त्यांचं पहिलंच काम. ते फसलं असतं तर पाचही घरं पुन्हा बेकार झाली असती. तरी खाली बाळं झोपली आहेत म्हणून हे गृहस्थ तापल्या गच्चीवर अनवाणी चालत. मला ते तिथेच आवडले.

त्यांची एक सवय होती. काम सुरू करण्याआधी ते काठीने तीन ठोके देत आणि थांबत. मिलमध्ये यंत्र चालू करण्यापूर्वी फिटर पान्याने तीन ठोके देई. पलीकडे सफाई करणाऱ्याने तीन दिले तर चालू करायचं, दोन दिले तर थांबायचं. एकदा घाईत मधुकरराव उत्तरासाठी थांबले नाहीत. पलीकडे बाबूराव होते. ते वाचले नाहीत. हे मधुकररावांनी मला स्वतःहून सांगितलं, नजर न चुकवता.

वॉर्डला लागून कोपऱ्यात एक खोली होती, ओलीमुळे कुलूपबंद. गळती कुठे आहे ते शोधायला तिच्या छतावर पाणी साठवून ठेवायचं ठरलं होतं. त्या सकाळी मधुकरराव उतरल्या चेहऱ्याने खाली आले.

"ताई, वो कोनेवाल्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. चावी माझ्या कमरेला आहे."

"मग दोन ठोके कोणी दिले?"

मला हसू आलं. कुलूप काढलं. आत एक लोखंडी खाट, बाकी नुसती ओल. ते परत वर गेले. मी खाटेच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिले. वरून तीन ठोके आले. मग माझ्या तळहाताखाली, त्या दांड्यातूनच, दोन. मी धावत वर जाऊन त्यांना ते सांगितलं.

व्यवस्थापक चिडले. "भिया, पाऊस तोंडावर आलाय, अन् तुम्ही भूत को पूछ के काम करताय क्या?"

"साहेब, काम काढून घ्या," मधुकररावांनी हात जोडले. "पर इथे मी पाणी भरणार नाही."

त्यांनी तो कोपरा फोडायला लावला. आतल्या सळया गंजून भुगा झाल्या होत्या. पाण्याच्या वजनाने छत खाली आलं असतं, आणि भिंतीला लागूनच माझ्या सहा बाळंतिणी होत्या. डॉक्टर म्हणाले, आवाज सळयांमधून फिरतो. फिरत असेल. पण तिनाचे दोन कसे होतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

कोपरा नव्याने भरला, थर बसले. त्या दिवशी मधुकररावांनी ठोकलं तेव्हा खालून तीन ठोके आले. मी ऐकले. ती गच्ची त्यानंतर गळलेली नाही. तरी ते दर वर्षी पावसाआधी येतात, ठोकतात आणि थांबतात. मीही निवृत्तीनंतर त्या दिवशी हजर असते.

यंदा गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना. काठी घेऊन मी वर गेले. ते खाली त्या खोलीत खुर्चीवर बसले. मी तीन ठोके दिले. लगेच तीन परत आले. खाली येऊन मी थट्टा केली, "उत्तर द्यायची एवढी घाई?"

त्यांचे हात मांडीवर होते, डोळे भरलेले. "मी देणारच होतो, ताई. माझ्याआधी आलं." मग हळूच म्हणाले, "मिल तर गेली. पण बाबूरावांनी मला अजून कामावरून काढलेलं नाही."

मधुकरराव, पंच्याहत्तरीनिमित्त इस्पितळातल्या आम्हा सर्वांचा नमस्कार. तुमचे गुडघे बरे होवोत, तुम्हांला निरोगी शंभरी लाभो. जिना मी चढेन. पण पुढच्या पावसाआधी त्या खोलीत तुम्ही बसलेले असा. मला वर एकटीने उत्तर ऐकायचं नाही.