राका म्हणजे काय हो, सर?

चहा निवला तरी चालेल, पण माझी फजिती आधी माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्याकडून ऐकलीत तर तिखटमीठ जास्त असेल!

मी जव्हारच्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवतो. म्हणजे गावाचा फुकटचा शब्दकोश! 'मला माहीत नाही' हे वाक्य मी व्याकरणाच्या तासाला शिकवतो. वापरत नाही.

एका शनिवारी मोखाड्याच्या दवाखान्यातल्या नर्स, फिलोमिना सिस्टर, जीपने आल्या. बाई मूळच्या वसईच्या. दुसऱ्या दिवशी जव्हारच्या प्रार्थनासभेत त्यांना बायबलमधल्या एका वचनावर बोलायचं होतं.

"सर, भावाला जो 'राका' म्हणेल त्याला सभेपुढे जाब द्यावा लागेल, असं लिहिलंय. राका म्हणजे काय हो?"

"राका? पौर्णिमेची रात्र!" मी एकदम खुललो. "शुद्ध संस्कृत!"

"पण पौर्णिमा म्हटलं तर भावाला राग का येईल?"

आता इथे गप्प बसावं की नाही माणसाने? पण विद्वत्ता गप्प बसू देते होय?

"अहो, टक्कल! गोल, गुळगुळीत, चकाकणारं! आम्ही नाही का स्टाफरूममध्ये हेडसरांना पौर्णिमा म्हणत?"

सिस्टरनी सगळं वहीत उतरवून घेतलं. अगदी सगळं!

रविवारी त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. आपलं कौतुक एकट्याने काय ऐकायचं? म्हणून मी साक्षीदार सोबत नेला. कोण? हेडसर! होय, तेच! ऐटीत पहिल्या रांगेत बसलो. समोर वसईहून आलेले म्हातारे फादर. त्यांचंही डोकं... असो.

सिस्टर उभ्या राहिल्या. "आपल्या जव्हारच्या विद्वान सरांनी मला अर्थ सांगितला. राका म्हणजे टकल्या! कुणाच्या टकलाला हसू नये. सर स्वतः हेडसरांना पौर्णिमा म्हणतात, पण आता सोडतील. हो ना, सर?"

मी मान हलवली. उभी की आडवी, देव जाणे. हेडसरांनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पाहिलं!

मागून दाभोशाची एक आजी पुटपुटली, "चांदाला टकल्या कोन बोलतं, गुरुजी?"

मग फादर उठले. टकलावरून हात फिरवत हसले.

"सर, हा शब्द संस्कृत नाही. येशूच्या काळी तिकडचे लोक अरामी बोलायचे, त्या बोलीतली ही शिवी. मूळ 'रेका', म्हणजे रिकामा, पोकळ. डोक्यावर काही नसलेला नव्हे..." फादर फार प्रेमळ होते हो, "डोक्यात काही नसलेला."

सगळी सभा माझ्या डोक्याकडे बघायला लागली. केस चांगले दाट आहेत माझे!

बाहेर येताच हेडसर चपला घालून ताडताड पुढे चालू लागले. शेवटी मलाच राहवेना.

"सर, शिव्या द्या हवं तर, पण बोला काहीतरी!"

"द्यायचीय हो," हेडसर शांतपणे म्हणाले. "पण जी सुचतेय, तिला नेमकी बायबलात बंदी आहे."