पाटाच्या टोकाचं बंड

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, पण लासुर्णे गावाच्या खाली पाटाच्या शेवटाला आमच्या रानात पाणी येत नव्हतं. वरच्यांचा ऊस डोलायचा, आमची ज्वारी करपायची आणि घरात भाकरीची ओढाताण. कचेरीचे हेलपाटे घालून पेटलेले आम्ही चुलतभाऊ एका सकाळी कुऱ्हाडी आणि ठासणीची बंदूक घेऊन पाटाचं वरचं दार फोडायला निघालो. मिशी फुटलेली म्हणून बंदूक माझ्याकडे. चालवता येत नव्हती.

तेवढ्यात चुलती धावत आली. "आरं पोरांनो, पाणी आलंय! बंड मागनं करा, आधी दारं धरा, वाफ्यात पाणी घ्या!"

बंदूक तिच्याच हातात कोंबून मी खोरं उचलायला पळालो. चिखलात नाचतच आम्ही वाफे भिजवले.

बांधावर टेकल्यावर धाकट्यानं विचारलं, "दादा, बंडाला परत कवा निघायचं?"

"पुढल्या पाळीला पाणी न्हाय आलं तर!"