नूरुद्दीनचा बर्फ

नूरुद्दीनला अरबी येत होती, असं नूरुद्दीनचं मत होतं. हे मत त्याने नऊ वर्षं पत्रांतून रत्नागिरीला कळवलं होतं, त्यामुळे सासुरवाडीत त्याचा बराच दबदबा होता. फिंतासच्या किनाऱ्यावर एका कुवेती मालकाच्या मासळीच्या दुकानात तो वजनकाट्यावर बसायचा. मालकाला सगळे अरबाब म्हणत. अरबाब बोलायचा त्यातलं निम्मं नूरुद्दीनला कळायचं आणि उरलेलं निम्मं तो स्वतः रचायचा. ही गोष्ट पुढे आयुष्यभर तोच लोकांना सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांच्या आधी हसायचाही तोच.

चौसष्ट सालचा जानेवारी होता. बायको आमिना दोन महिन्यांपूर्वीच आगबोटीने आली होती, कडेवर, त्याच्या मागच्या रजेनंतर जन्मलेली, सात महिन्यांची असमा घेऊन. नूरुद्दीनने तिला कुवेतचं ऊन सांगितलं होतं, वाळू सांगितली होती; थंडी सांगायची राहून गेली होती. असमाला खोकला धरला.

"आणखी चार दिस बघते," आमिना म्हणाली. "पोरीचा खोकला उतरला नाय तर पुढच्या बोटीनं मी बाबांकडं जाते. तुमी खुशाल ऱ्हावा हितं."

ती रागावून बोलली असती तर त्याला एवढं लागलं नसतं. ती शांतपणे बोलली आणि खाटेखालची ट्रंक बाहेर काढून ठेवली. नऊ वर्षं एकट्याने जेवलेल्या माणसाला त्या ट्रंकेची फार भीती वाटली.

त्यातच एका सकाळी अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला दिसला. तो डोक्यात घेऊनच नूरुद्दीन कामावर गेला. दुपारी अरबाबाने आभाळाकडे पाहिलं, वारा हुंगला आणि म्हणाला, "बाचर हवा वायद. थल्ज वायद."

उद्या वारा खूप. बर्फ खूप. नूरुद्दीनला एकूण एक शब्द कळला. अख्खं वाक्य कळण्याचा योग नऊ वर्षांत क्वचितच आला होता, त्यामुळे शंका घ्यायचं त्याला सुचलंच नाही. उद्या बर्फाचं वादळ येणार होतं.

तो घराकडे सुटला. वाटेत शेजारचा हमीद शिंपी भेटला, राजापूरचा. "अरबाबानं सोता सांगितलंन," नूरुद्दीन त्याला म्हणाला. "मला अरबी कळते म्हणून बरं." हमीदने ही खबर संध्याकाळपर्यंत आसपासच्या सगळ्या कोकणी घरांत पोचवली.

आता बर्फाची तयारी कशी करतात? पडलेला बर्फ नूरुद्दीनने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एका घड्याळाच्या दुकानाने दिलेल्या त्या कॅलेंडरवर एक विलायती घर खिडकीपर्यंत बुडालं होतं. त्याने ते खिळ्यावरून उतरवून मांडीवर घेतलं आणि त्याबरहुकूम कामाला लागला. छपरावर ओझं येणार, म्हणून किनाऱ्यावरून मोडक्या डोलकाठीचा तुकडा आणून खोलीच्या मधोमध टेकू दिला. तिथला पाळणा कोपऱ्यात गेला. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून पिठाची खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. दारावर जुन्या शिडाचं कापड दुहेरी ठोकलं. पाणी, रॉकेल, तांदूळ, सुका जवळा, सगळं खोलीत आलं. शेवटी त्याने दुकानात बर्फ उपसायला असतं ते फावडं आणून दाराच्या आत उभं केलं.

"फावडं कशाला?" आमिनाने विचारलं.

"सकाळी दार उघडलं की समोर बरफ. खणून भायर पडावं लागंल."

आमिनाने ट्रंकेतून होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या काढल्या. रिकामी ट्रंक पाहून नूरुद्दीनला त्या वादळाबद्दल थोडी मायाच वाटली.

वारा मात्र खराच आला. सकाळी उत्तरेकडून सुटला तो थांबेचना. शीड फडफडत होतं, डोलकाठी करकरत होती. नूरुद्दीन तिला पाठ लावून बसला होता. छप्पर आपल्याच जिवावर उभं आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं, कारण दिसण्याची प्रत्येक जागा त्याने स्वतःच बुजवली होती. असमा गोधड्यांत झोपली होती. दुपारपर्यंत ती एकदाही खोकली नाही.

दुपार कलल्यावर वारा पडला. नूरुद्दीनने फावडं उचललं आणि बिस्मिल्ला म्हणून दार आत ओढलं. समोर गुडघाभर ढीग होता. वाळूचा. पिवळी, कोरडी, नेहमीची कुवेती वाळू. त्याने ती उपसली आणि दुकानाची वाट धरली.

दुकानात एकही मासा नव्हता. "काल सांगितलं ना तुला," अरबाब हातवारे करत म्हणाला. "वारा खूप. होड्या गेल्या नाहीत. मासे नाहीत. थल्ज वायद." त्याने पेटीचं झाकण उघडलं. कारखान्यातून आलेल्या बर्फाच्या लाद्या जशाच्या तशा पडून होत्या. मासळीवर घालायच्या बर्फासाठी थल्ज हाच शब्द नूरुद्दीन दिवसातून वीस वेळा उच्चारायचा. नेमका काल तो त्याला आभाळातून पडताना दिसला होता. त्याची कानशिलं तापली. त्या आठवड्यात त्याला ऊब वाटली ती एवढीच.

अरबाबाने एक लादी त्याला देऊन टाकली. ती गोणपाटात गुंडाळून परत येताना हमीद दिसला. त्याच्या खोलीत मशीनवर, भांड्यांत, अंथरुणात, सगळीकडे वाळू होती.

"नूरभाय, बरफ कुठं ऱ्हायला?"

"हा काय," म्हणत नूरुद्दीनने गोणपाट उघडून दाखवलं.

घरी त्याने आमिनाला सगळं सांगून टाकलं. "मला अरबी येत नाय," तो म्हणाला. "नऊ वर्सं थापा मारल्या."

आमिनाने लादीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. खोलीत वाळूचा कण नव्हता. "कागद घ्या," ती म्हणाली. "बाबांना पत्र लिवायचंय."

तिची पत्रं तोच लिहायचा. आता बोटीची तारीख येणार, असं त्याला वाटलं. तरी त्याने कागद घेतला.

"लिवा. हितं मोप बरफ पडला."

नूरुद्दीनने मान वर केली.

"लिवा म्हणते ना. दारापुढं गुडघाभर होता, फावड्यानं काढावा लागला. असमाच्या बाबांना अरबी येते, म्हणून आधीच कळलं आनि घर राखलं. पोरगी बरी हाय. मी एवढ्यात येत नाय."

नूरुद्दीनने शब्दन् शब्द लिहून काढला. शेवटचं वाक्य त्याने दोनदा लिहिलं. आमिनाला वाचता येत नव्हतं, म्हणून ते खपून गेलं.