अंगात येण्यावरचं व्याख्यान

चैत्रातल्या रविवारी सकाळी केजच्या त्या सभागृहात कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड गंध आणि भाड्याच्या सतरंज्यांचा कुबट वास एकमेकांत मिसळून येतो, आणि त्या वासानंच मला आमच्या विवेकवादी मंडळाची चीड यायला सुरुवात होते. दीपप्रज्वलन हे कर्मकांड, म्हणून आम्ही कुंडीतल्या रोपाला पाणी घालून उद्घाटन करतो. पण तेही चपला काढून, उजव्याच हातानं, आणि मान पहिला अध्यक्षांचा. मग व्याख्यानाहून लांबलेला वक्त्याचा परिचय, आणि मग विज्ञान किंवा मानसशास्त्र, जे आधीच पटलेल्या माणसांना पुन्हा पटवून दिलं जातं. जीवशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं; स्वतःच्या शहाणपणावर इतके खूश असलेले लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

त्या दिवशी विषय होता ‘अंगात येणे’. रिक्षावरचा भोंगा ऐकून जवळच्या खेड्यातली कौसाबाई लेक-जावयाला घेऊन आली होती. दारातच तिनं मला गाठलं. लेक राधा उसाच्या फडावर बाळंत झाली, मूल दगावलं, आणि गावी परतल्यापासून तिच्या अंगात देवी येऊ लागली. नवरा तिला देवऋष्याकडे न्यायला निघाला होता. तिथं मिरच्यांची धुरी देतात.

“बाई, शिकल्याली माणसं ह्यो आजार हाय म्हणली, तर दवाखान्यात नेतो म्हणलाय,” ती म्हणाली. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं.

वक्ते शहरातले मानसतज्ज्ञ. दबलेल्या दुःखावर थोडंसं बोलून त्यांनी टाळ्यांचा भाग सुरू केला: डोळे फिरवले, मान गरगरा हलवली, घुमून दाखवलं. मंडळ पोट धरून हसलं. त्या हशातच राधा थरथरू लागली, केस सुटले, आणि तिच्या घशातून जो हुंकार उमटला त्यात नकलेचा लवलेशही नव्हता. डोकं फरशीवर आपटू नये म्हणून मी धावत जाऊन ते मांडीवर घट्ट धरलं. वर पाहिलं तर वक्ते ध्वनिक्षेपकामागे सरकलेले, आणि आमचे अध्यक्ष, ज्यांनी देवाधर्मावर गावोगाव तोंडसुख घेतलं, ते डोळे मिटून, हात जोडून उभे.

जावयानं ते पाहिलं. राधा शुद्धीवर येताच त्यानं तिला उठवलं.

“तुमचे सायबच हात जोडत्यात. आता काहून दवाखाना?”

मागे आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. छप्पर कोसळलं तरी आभार मानल्याशिवाय हे लोक उठायचे नाहीत.

मी त्यांच्यामागोमाग जीपच्या थांब्यावर गेले. ऊन चढलं होतं, कौसाबाई पदरात तोंड लपवून रडत होती. जावई एकाएकी माझ्याकडे वळला.

“बाई, तुमी न्हाई जोडले हात?”

“नाही. मी तिचं डोकं धरलं होतं.”

“मंग तुमी चला संगं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात. डाक्टरला तुमीच सांगा.”

मी जीपमध्ये चढले. थकलेल्या राधाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तिच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. अध्यक्षांबद्दलचा माझा तिरस्कार तेव्हा कमी झाला नाही, आजही झालेला नाही. पण तो हुंकार ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला होता. माझे हात गुंतलेले होते. मोकळे असते तर त्यांनी काय केलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.