दहापैकी सहा

आर्डिस नायगार्ड. पद: संस्थात्मक समन्वय व उत्तरदायित्व प्रमुख, टोलफ्सन धक्के आणि बोट-लिफ्ट, उत्तर मिनेसोटा. कार्यकक्षा: साप्ताहिक बैठकीचे संचालन आणि सहकाऱ्यांत स्पष्टवक्तेपणाची जोपासना.

हे पद आमच्यात पूर्वी नव्हतं. बोटी बांधायचे धक्के आणि बोटी उचलून धरायच्या लिफ्ट आम्ही थंडीआधी तळ्यातून काढतो आणि बर्फ गेला की पुन्हा बसवतो; आर्डिस फोन घ्यायची आणि बिलं काढायची. मग मालक रॉजरला कुणीतरी धंदा सुरळीत चालवण्याच्या पद्धतीचं पुस्तक दिलं. प्रत्येक कामावर एकाचंच नाव, दर सोमवारी बैठक, अडचणींची यादी, शेवटी प्रत्येकाने बैठकीला दहापैकी गुण द्यायचे. पद्धत बसवून द्यायला मिनियापोलिसहून सल्लागार येणार होता. चांगला माणूस, फोनवर बोलायलाही छान. रॉजरने त्याच्या फीचा आकडा वाचला आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसला.

"पुस्तक मी वाचलंय," आर्डिस म्हणाली. "मी बसवते. बर्फ वितळेपर्यंत आपण एक तरी खरी अडचण सोडवली नाही, तर बोलाव त्याला. फोन मीच लावून देईन."

आर्डिसला एका दमात एवढं बोलताना आम्ही प्रथमच ऐकलं.

पुस्तक लिहिणारा आमच्याकडचा नसावा. आमच्याकडे तबकातला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. अर्धा कापतात, मग त्याच्या अर्ध्याचा अर्धा, आणि उरलेला चुरा झाकून ठेवतात. अशा माणसांना अडचण सांगा म्हटलं, तर ती बल्बची सांगतात. आम्ही बल्ब बदलले. कॉफीचं यंत्र बदललं. आणि प्रत्येक बैठकीला सगळ्यांनी दहापैकी दहा दिले, कारण समोर आर्डिस बसलेली आणि तबकात तिने केलेल्या, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या.

खरी अडचण सगळ्यांना ठाऊक होती. रॉजर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना भेटेल त्याला सांगायचा, "बर्फ गेला की पहिला धक्का तुझाच." अशा पहिल्या लोकांनी अख्खं तळं भरलं होतं.

एप्रिल आला. बर्फ काठापासून सुटला. त्या सोमवारी गुण द्यायची वेळ आली आणि आर्डिस म्हणाली, "माझे सहा."

कुणीतरी कप खाली ठेवला.

"तब्येत बरी आहे ना गं?" रॉजरने विचारलं.

"बरी आहे. बैठक बरी नाही. मी चालवते, म्हणून मला माहीत. एवढ्या दिवसांत आपण बल्ब बदलले."

मग डेल्मर, जो कंबरभर गार पाण्यात उतरून धक्के बसवतो, टोपीशी चाळा करत म्हणाला, "मग माझे आठ धर."

आमच्याकडे आठ म्हणजे आरडाओरडाच.

"माझ्यावर रागावलास का रे, डेल्मर?" रॉजरने विचारलं.

"छे, रागावू कशाला. तू सगळ्यांना पहिला नंबर देतोस, एवढंच. आणि दुसरा कोण ते लोक मला विचारतात, मी पाण्यात असताना. बाकी सगळं झकास."

रॉजर उठला. भिंतीवरच्या तक्त्यात 'तारखा देणे' या चौकोनात त्याचं नाव होतं. ते त्याने बाहीने पुसलं आणि तिथे 'डेल्मर' लिहिलं. खडू ठेवला. "बर्फ अजून पुरता गेलेला नाही, नाही का?" तो आर्डिसला म्हणाला. "त्या सल्लागाराला कळव, यंदा जमणार नाही. आणि आभार मान."

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिघांनी त्याला गाठलं. "डेल्मरला विचारा," रॉजर म्हणाला. दात काढून घेतल्यासारखा चेहरा होता, पण म्हणाला. त्या वसंतात धक्के रांगेने बसले, आणि दुसरा कोण हे दुसऱ्यालाही ठाऊक होतं.

शेवटचा धक्का बसला त्या दिवशी रॉजर आर्डिसच्या टेबलाशी थांबला. "काही वाईट नाही झालं, आर्डिस."

इथे माणसाचं एवढं कौतुक सहसा तो मेल्यावरच करतात. ती लाल झाली आणि फोन वाजत नसताना तिने तो उचलला. मी शेजारच्याच टेबलावर होतो, आणि मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं.

तक्त्यावर 'स्पष्ट बोलणे' या चौकोनात आता तिचं नाव आहे. ते लिहिलं त्या सोमवारी तबकात एकच वडी उरली होती. आर्डिसने ती अर्धी कापली आणि उरलेली झाकून ठेवली.