लाल खुणेवरची कडी

सकाळी आईचा फोन वाजला आणि ऐकता ऐकता ती खाली बसली. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, रात्री कागलच्या बाजूनं हुपरीला परतताना उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकलसकट आदळून जागीच गेला होता. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. कॅरिअरला गोधडीत गुंडाळून बांधलेल्या त्याच्या दोन डोळ्यांच्या मोठ्या दुर्बिणीला मात्र ओरखडाही नव्हता...

मामा घरीच पैंजण करायचा. दिवसभर चांदीची बारीक जोडणी, आणि अमावास्येच्या आसपास दुर्बीण, कॅमेरा, स्टँड घेऊन उसापलीकडच्या माळावर. कॉलेजात असल्यापासून मीही जायला लागले. मला माणसांत बोलणं जड जातं. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून भावंडं हसायची. माळावर बोलावंच लागत नसे. "गप बस, अंधार मुरू दे डोळ्यात," म्हणून मामा स्वतःही गप्प व्हायचा. मग कृत्तिकांचा पुंजका दोन्ही डोळ्यांत एकदम उतरायचा, आणि शेजारी कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं असायचं.

त्याचा एकच नियम होता. दुर्बिणीच्या उजव्या भिंगाभोवती एक कडी होती. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे ती फिरवून चित्र स्पष्ट करायचं. आपल्या नजरेची जागा त्यानं मामीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन पक्की केली होती. माझं बघून झालं की तो म्हणायचा, "कडी खुणेवर आण आधी. माझा डोळा हाय त्यो, तुझा न्हाय."

गेल्या वर्षी त्यानं पाठवलेले फोटो बिघडायला लागले. मृगातले तारे वाटाण्याएवढे, फुगलेले. मी विचारलं तर म्हणाला, "हवा थरथरतीया गं." जोडणीचं बारीक कामही त्यानं मामीकडे दिलं होतं. बोटं दुखतात म्हणाला. डॉक्टरांचं नाव काढलं की, "डॉक्टर रात्रीची गाडी बंद करत्यात आधी," असं हसत म्हणून विषय बदलायचा.

तो गेल्यावर महिन्याभरानं मी हुपरीला गेले. मामी त्या ट्रॉलीवाल्याचाच विषय काढत होती. "लाल कापड बांधाय काय झालंतं त्येला? ह्यांची नजर कसली होती... आकाशातलं दिसायचं, रस्त्यावरचं दिसलं नसतं व्हय?" तिनंच गोधडी सोडून दुर्बीण माझ्यापुढे ठेवली. "बघ बाई, चालतीया का."

गच्चीवर नेऊन मी ती शुक्राकडे धरली. डावीकडे नीट ठिणगी, उजवीकडे धुरकट गोळा. कडी फिरवायला गेले, तर ती एका बाजूला हलेना. लाल ठिपका मागे, खूप मागे राहिला होता. कडी पार शेवटाला जाऊन अडली होती. त्यापुढे फिरवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं... आणि तशाच नजरेनं तो अंधारात गाडी चालवत घरी येत होता.

मामी जिन्यात उभी होती. "दिसलं का गं?"

"दिसलं."

"मग कडी लाव खुणेवर. तशीच ठेवली तर वरडायचे ते."

ट्रॉलीला दिवा नव्हता, हेही खरंच होतं. मी कडी मागे फिरवत ठिपक्यापाशी आणली, भिंगांवर टोपणं बसवली आणि दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं नखानं तो ठिपका चाचपला, आणि मगच गोधडी गुंडाळली.